मारा, सेरेंगेटी, झांझिबार आणि हातात अकरा दिवस

पत्र: आजवर जो परदेश पाहिला तो टूर कंपनीच्या बसमधून. सकाळी साडेसहाला बॅगा दाराबाहेर, साडेसातला नाश्ता, आठला बस. आता मुलगी चौदा वर्षांची झाली आहे, तिला प्राण्यांचं भारी वेड आहे आणि या वेळी आम्ही तिघांनीच, कुठल्याही ग्रुपशिवाय आफ्रिकेत सफारीला जायचं ठरवलं आहे. हाताशी अकरा दिवस आहेत. नैरोबी, मसाई मारा, तिथूनच पुढे सेरेंगेटी (नकाशात तर अगदी चिकटून दिसतं), मग न्गोरोंगोरो आणि शेवटी झांझिबारचा समुद्र असा कच्चा कार्यक्रम केला आहे. ऑगस्टमध्ये जावं की फेब्रुवारीत, हे ठरत नाही. दीर म्हणतात, गाडी भाड्याने घ्या आणि स्वतः चालवा, खर्च बराच वाचेल. नवऱ्याला धास्ती आहे की न पाहिलेल्या कंपनीला परदेशात पैसे पाठवायचे कसे. मुलीला गाडी लागते, ती काळजी वेगळीच. खरं सांगायचं तर सगळं आपल्याच अंगावर घ्यायची मला भीती वाटते. सुरुवात कुठून करू?

उत्तर: सुरुवात खोडण्यापासून करू या. तुमच्या यादीतली सेरेंगेटी, न्गोरोंगोरो आणि झांझिबार ही तिन्ही नावं मी आत्ताच खोडते आहे. ती ठिकाणं कमी मोलाची आहेत म्हणून नाही, तर ती सगळी टांझानियात आहेत म्हणून.

मारा आणि सेरेंगेटी नकाशात चिकटून आहेत हे अगदी खरं आहे. विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप ती सीमा बिनदिक्कत ओलांडतात, पण पर्यटकांना तिथून पलीकडे जाता येत नाही. त्या सीमेवरच्या सँड रिव्हर नदीवरून पलीकडे जायची सोय नाही. गाडीने जायचं तर पश्चिमेला इसेबानियाच्या नाक्यापर्यंत मोठा वळसा पडतो, तिथे केनियाची गाडी सोडून टांझानियाची गाडी घ्यायची, दोन्हीकडचे शिक्के मारून घ्यायचे आणि पुन्हा आत शिरायचं. यात सबंध दिवस जातो. वर टांझानियाचा व्हिसा वेगळा. पूर्व आफ्रिकेचा म्हणून जो एकत्र व्हिसा मिळतो तो केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांचा आहे, टांझानिया त्यात नाही. झांझिबारने तर १ ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना तिथलाच ४४ डॉलरचा विमा सक्तीचा केला आहे. अकरा दिवसांत हे सगळं कोंबलंत तर मुलीला प्राण्यांपेक्षा जास्त नाके, विमानतळ आणि हायवे दिसतील. टांझानिया ही स्वतंत्र सहल आहे, ती पुन्हा कधीतरी निवांत करा. या वेळी फक्त केनिया.

सफारीचा हिशेब शहरं पाहण्याच्या हिशेबापेक्षा वेगळा असतो, आणि टूर कंपनीबरोबर फिरलेल्या माणसाला तो आधी समजून घ्यावा लागतो. शहरात एका दिवसात चार गोष्टी पाहून होतात. जंगलात दिवसाचे खरे तुकडे दोनच: पहाटे सहापासून ऊन चढेपर्यंत आणि दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंत. मधल्या वेळेत सिंह झाडाखाली पसरलेले असतात आणि तुम्हीही तसंच करावं. दर दिवशी मुक्काम बदलला की दर दिवशी यातला किमान एक तुकडा रस्त्यावर वाया जातो. एकाच जागी चार रात्री राहिलात, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाईडला ठाऊक असतं की सिंहांचा कळप काल संध्याकाळी कुठे होता, कुठल्या मादीबरोबर बछडी आहेत, कुठल्या ओढ्याकाठी बिबट्या झाडावर चढतो. त्या दिवसांत जे दिसतं ते पहिल्या दिवशी दिसत नाही. म्हणून मी तुमच्या अकरा दिवसांतले सर्वांत जास्त दिवस माराला देणार आहे.

मी असा कार्यक्रम आखेन. पहिल्या दोन रात्री नैरोबीत. मग नैवाशा सरोवराकाठी दोन रात्री. तिथून मारा, चार रात्री. परत नैरोबीत दोन रात्री आणि अकराव्या दिवशी विमान. शेवटचा नैरोबीचा दिवस मुद्दाम मोकळा ठेवला आहे. रस्त्यावर पाणी आलं, गाडी बंद पडली, कुणाचं पोट बिघडलं, तर तो दिवस कामाला येतो. काहीच बिघडलं नाही तर पहाटे नैरोबी नॅशनल पार्कमध्ये जा. १९४६ साली झालेलं हे केनियाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, ११७ चौरस किलोमीटरचं, शहराला अगदी लागून. तिथे हत्ती नाहीत, पण गेंडे चांगले दिसतात आणि चरणाऱ्या जिराफांच्या मागे उंच इमारतींची रांग दिसते. मुलीला किलिमांजारो पाहायचाच असेल, तर नैवाशाच्या जागी अंबोसेली राष्ट्रीय उद्यान घाला. पर्वत टांझानियात असला तरी त्याचं रूप अंबोसेलीतूनच खुलतं, तेही पहाटे आणि संध्याकाळी. एरवी तो बहुतेक ढगात असतो. दोन्ही घालू नका.

आता ऑगस्ट की फेब्रुवारी. ऑगस्टमध्ये विल्डबीस्टचे कळप मारात असतात. जुलै ते ऑक्टोबर हा त्यांचा तिथला काळ, आणि मारा नदी ओलांडतानाची दृश्यं याच काळातली. पण एक गोष्ट मनाशी पक्की करा: नदी ओलांडणं हा ठरलेल्या वेळेचा कार्यक्रम नसतो. हजारो जनावरं काठावर तासन्‌तास उभी राहतात, पुढची दोन पाण्याशी येतात, हुंगतात आणि अख्खा कळप मागे फिरतो. तुम्ही तीन दिवस काठावर बसून हात हलवत परत येऊ शकता. शिवाय गाड्यांची गर्दी त्याच दिवसांत सर्वांत जास्त असते आणि लॉजचे दरही चढलेले असतात.

पार्कच्या फीमध्येही मोठा फरक पडतो. मसाई मारा रिझर्व्हची परदेशी प्रौढांसाठीची फी २०२४ पासून जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. ९ ते १७ वर्षांच्या मुलांना ५० डॉलर. म्हणजे तुम्हा तिघांना फेब्रुवारीत दिवसाला २५० आणि ऑगस्टमध्ये ४५०. तीन पूर्ण दिवसांत ६०० डॉलरचा फरक. (दर बदलत असतात, पैसे भरण्याआधी त्या वेळचे पाहून घ्या.) फेब्रुवारीत कळप दक्षिणेला, सेरेंगेटीच्या खालच्या मैदानात विणीसाठी गेलेले असतात. पण सिंह, चित्ते, बिबटे, हत्ती, जिराफ, पाणघोडे कुठेही जात नाहीत, ते वर्षभर मारातच असतात. हवा बहुधा कोरडी, गाड्या कमी. पहिल्याच सफारीला, आणि नदी ओलांडण्याचं दृश्य हेच तुमच्या मुलीचं स्वप्न नसेल, तर मी नि:शंक फेब्रुवारी म्हणेन. मार्चच्या शेवटापासून मेपर्यंतचा मोठा पाऊस मात्र टाळा.

या फीबद्दल आणखी एक गोष्ट लॉज ठरवण्याआधीच कळायला हवी. तिकीट बारा तासांचं असतं, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. तुमचं लॉज गेटच्या बाहेर असेल आणि तुम्ही दुपारी तीनला पोहोचून साडेचारला "जरा एक चक्कर मारू" म्हणून आत गेलात, तर दीड तासासाठी तिघांची पूर्ण फी भरलीत. बाहेर राहणाऱ्यांनी पोहोचल्या दिवशी आराम करावा आणि तिकिटाचे दिवस पूर्ण वापरावेत: पहाटे गेट उघडताना आत, दुपारचा डबा लॉजकडून बांधून घ्यायचा, गाईड सांगेल त्या सुरक्षित झाडाखाली उतरून खायचा, आणि सहाच्या आत बाहेर. रिझर्व्हच्या आतल्या कॅम्पमध्ये राहिलात तर पोहोचल्या दिवसाचंही तिकीट लागतं, आणि निघायच्या दिवशी सकाळी दहाच्या आत बाहेर पडावं लागतं. आतलं राहणं महाग, पण पहाटे गेटवरची रांग वाचते. दोन्ही पर्याय चांगले आहेत. फक्त आपण कुठला घेतो आहोत हे कळून घ्या. तिसराही एक आहे: रिझर्व्हला लागून मसाई जमीनमालकांकडून भाड्याने घेतलेली खासगी संरक्षित क्षेत्रं, नाबोइशो किंवा ओलारे मोटोरोगीसारखी. तिथे गाड्या मोजक्या असतात, रात्रीची सफारी आणि गाईडबरोबर पायी फिरणं चालतं. खर्च बराच जास्त. बजेटमध्ये बसलं तर चारपैकी दोन रात्री तिथे काढा.

दीरांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण मारासाठी तो मानू नका. गाड्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे वरवर सोपं वाटतं. आत मात्र फाटे फुटत जाणाऱ्या कच्च्या वाटा आहेत, पाट्या जवळजवळ नाहीत आणि एका पावसात तिथली काळी माती अशी होते की फोर-व्हील गाडीही आडवी सरकते. तुम्ही स्टिअरिंगवर असलात की डोळे वाटेवर राहतात, प्राणी शोधायचे राहून जातात. शिवाय गाईड एकमेकांशी रेडिओवर बोलत असतात, ती माहिती तुम्हाला मिळत नाही. स्वतः गाडी चालवून सफारी करायची हौस असेल, तर त्यासाठी दक्षिण आफ्रिकेचं क्रुगर किंवा नामिबियाचं एतोशा आहे. क्रुगरमध्ये डांबरी रस्ते, पाट्या, कुंपणातले मुक्काम, सगळी व्यवस्था त्याच हिशेबाने उभी आहे. दीरांना तिकडे पाठवा, त्यांना फार आवडेल. तुम्ही स्वतंत्र प्रवास करताय याचा अर्थ कुठे जायचं, किती थांबायचं, कधी निघायचं हे तुम्ही ठरवताय. गाडी चालवणारा माणूस तिथला असला तर त्या स्वातंत्र्यात काही उणं येत नाही.

म्हणून तुमचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय हॉटेलचा नाही, तर गाडी आणि गाईडचा आहे. काटकसर करायचीच असेल तर खोलीत करा, तंबूत करा, जेवणात करा. गाडी फक्त तुमची असावी आणि गाईड जाणता असावा. नैरोबीतल्या तीन-चार कंपन्यांना एकच मेल पाठवा, म्हणजे उत्तरं शेजारी-शेजारी ठेवून वाचता येतील. कंपनीकडे केनियाच्या पर्यटन नियामक प्राधिकरणाचा परवाना आहे का, ती केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्स म्हणजे काटोची सभासद आहे का, हे विचारा आणि काटोच्या यादीत स्वतः ताडून पाहा. गाईडला केनिया प्रोफेशनल सफारी गाईड्स असोसिएशनचा बिल्ला आहे का, तेही विचारा. त्यात ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा पायऱ्या आहेत. परीक्षा देऊन मिळतात. सिल्व्हर गाईड मिळाला तर उत्तमच.

मग कोटेशन येतं, आणि ते सावकाश वाचायचं असतं. "गेम ड्राइव्ह" (म्हणजे गाडीतून प्राणी पाहायची फेरी) लिहिलं असेल तर रोज किती तास, हे विचारा. काही जण सकाळी दोन तास फिरवून परत आणतात आणि तीही ड्राइव्हच म्हणवते. गाडीपुढे "शेअरिंग" हा शब्द कुठे लपलेला नाही ना ते पाहा. गाडी व्हॅन आहे की लँडक्रूझर? छत वर उघडतं का? तिघांनाही खिडकीची जागा आहे का? पार्कची फी किती दिवसांची धरली आहे, हा प्रश्न तर नक्की विचारा. लॉजच्या नावापुढे "किंवा तत्सम" लिहिलं असेल तर तत्सम म्हणजे कुठलं, त्याचं नाव मागा आणि ते कुठल्या गेटपासून किती किलोमीटरवर आहे तेही. रिझर्व्हच्या सेकेनानी गेटपाशी आणि गेटपासून पंधरा किलोमीटर अलीकडे यात पहाटेचा पाऊण तास जातो. ड्रायव्हरचं राहणं-खाणं आणि इंधन धरलं आहे ना? किलोमीटरची मर्यादा आहे का? जी कंपनी या प्रश्नांना कंटाळते किंवा "काळजी करू नका मॅडम, सगळं आहे" एवढंच कळवते, तिला तिथेच नमस्कार करा. चांगली माणसं मुद्द्याला धरून, आकड्यांसह उत्तर देतात, आणि बऱ्याचदा तुमच्या कार्यक्रमातली एखादी चूकही दाखवून देतात. ती चूक दाखवणाऱ्याला माझं मत.

तुमच्या यजमानांची धास्ती रास्त आहे. पैसे कधीही कुणा व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात किंवा मोबाइलवर पाठवायचे नाहीत. खातं कंपनीच्या नावाचं हवं, परवान्यावर जे नाव आहे तेच. २० ते ३० टक्के आगाऊ देऊन बाकीची रक्कम निघण्याच्या थोडं आधी किंवा पोहोचल्यावर द्यायची, अशी बोली बहुतेक ठिकाणी मान्य होते. कार्डाने आगाऊ रक्कम घेत असतील तर थोडा अधिभार पडला तरी कार्डानेच द्या, कारण काही बिनसलं तर बँकेकडे दाद मागता येते. आणि मेलमध्ये बँकेचा तपशील अचानक बदलून आला, तर कंपनीच्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक पैसाही पाठवू नका. तिकडे पोहोचल्यावर फार रोख लागत नाही. राष्ट्रीय उद्यानांची फी रोखीने घेतच नाहीत, ती ऑनलाइन भरावी लागते आणि ते काम कंपनीच करते. बक्षिसासाठी थोडे डॉलर ठेवा, नोटा नव्या आणि न फाटलेल्या. जुन्या मालिकेच्या नोटा घ्यायला लोक कां-कू करतात. गाईडला दिवसाला १० ते २० डॉलर, सगळे मिळून, शेवटच्या दिवशी हातात द्यायचे.

आता त्या गाईडशी कसं वागायचं, यावर थोडं जास्त बोलते, कारण याबद्दल पुरेसं कुणी सांगत नाही.

पहिल्या सकाळी, गाडीत बसण्याआधी, त्याच्याशी पाच मिनिटं बोला. मुलीची ओळख करून द्या. सांगा की आम्हाला घाई नाही, "बिग फाइव्ह" (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) पुरे करायचे नाहीत, एखाद्या प्राण्यापाशी तास बसलो तरी चालेल, पक्षीही दाखवा. गाईडवर पाहुण्यांचं मोठं दडपण असतं. सिंह दाखवला नाही तर बक्षीस जाईल, तक्रार होईल, या धाकाने तो रेडिओवर बातमी आली की गाडी पिटाळतो. तुम्ही ते दडपण उतरवलंत की त्याचं खरं कसब बाहेर येतं. तो इंजिन बंद करतो. झेब्रे चरायचं थांबवून सगळे एकाच दिशेला बघताहेत, हे तुमच्या लेकीला दाखवतो. मग ती स्वतःच दुर्बीण त्या दिशेला फिरवते. गवतातून आधी एक कान दिसतो, मग दुसरा. असा स्वतः शोधलेला सिंह ती जन्मभर विसरणार नाही.

आणि चित्त्याच्या बाबतीत एक विनंती आहे. चित्ता प्रामुख्याने दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणजे नेमका गाड्या फिरत असतात तेव्हा. एखादी मादी वारुळावर चढून मैदान न्याहाळत असते, तेवढ्यात दहा-बारा गाड्या तिच्याभोवती कडं करतात, तिला हरणं दिसेनाशी होतात आणि हरणांना गाड्यांवरून तिचा पत्ता लागतो. मारातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात एका मादीची सरासरी ०.२ पिल्लंच मोठी होऊन स्वतंत्र झाली, आणि वर्दळ कमी तिथे २.३. मला हे आकडे फार लागले. रिझर्व्हचे नियम आहेत: एका प्राण्यापाशी एका वेळी पाचच गाड्या, किमान २५ मीटर अंतर, रांग असेल तर दहा मिनिटांत जागा सोडायची, वाट सोडून गवतात गाडी घालायची नाही. गर्दीत हे नियम मोडले जातात, आणि बऱ्याचदा पाहुण्यांच्याच आग्रहामुळे. तुमच्या गाईडला आधीच सांगून ठेवा की आम्हाला जवळ न्यायची गरज नाही आणि पाच गाड्या असतील तर आपण पुढे जाऊ. असं म्हणणारे पाहुणे भेटले की चांगल्या गाईडला हायसं वाटतं. मुलीसमोर हे बोला, तिला प्राण्यांचं वेड आहे म्हणता ना.

गाडी लागण्याचं. नैरोबी ते मारा सुमारे २७० किलोमीटर, पाच ते सहा तास, आणि त्यात रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावरून खाली उतरणारा वळणावळणाचा रस्ता. नैवाशाचा मुक्काम मी मध्ये घातला तो अर्धा याचसाठी. अंतराचे दोन तुकडे होतात आणि पहिला तुकडा दोन-अडीच तासांतच संपतो. तिला पुढच्या सीटवर बसवा, गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी द्या. परतीला मारातून नैरोबीच्या विल्सन विमानतळावर छोट्या विमानाने या. तास-पाऊण तासाचा प्रवास आहे, खर्च वाढेल पण दमणूक फार वाचेल. मात्र तिकीट सकाळचं काढा, दुपारी जमीन तापली की ही विमानं हलतात. सामान माणशी १५ किलो, हातातली बॅग आणि कॅमेरा धरून, तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक सूटकेस घेत नाहीत, म्हणून सुरुवातीपासूनच डफल बॅग घ्या. प्रत्यक्ष सफारीत मात्र सहसा त्रास होत नाही, गाडी हळू आणि थांबत-थांबत चालते.

नैवाशाला सकाळी बोटीतून पाणघोडे पाहा, लाइफ जॅकेट घालूनच. सरोवराकाठच्या लॉजमध्ये रात्री हिरवळीवर पाणघोडे चरायला येतात, तेव्हा अंधार पडल्यावर पहारेकऱ्याशिवाय खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी हेल्स गेट. या उद्यानात सायकलवरून फिरता येतं, सायकली गेटपाशी भाड्याने मिळतात. मुलीला झेब्रे आणि रानडुकरांच्या मधून सायकल चालवायला मिळेल. रानम्हशी दिसल्या तर लांबूनच वळायचं. तिथल्या घळीत मात्र पावसाची जराही शंका असेल तर उतरू नका. वर कुठेतरी पाऊस पडतो आणि खाली अचानक लोंढा येतो. २०१२ आणि २०१९ मध्ये तिथे पर्यटकांचे जीव गेले आहेत.

नैरोबीच्या दुसऱ्या दिवसासाठी आत्ताच एक काम करा: शेल्ड्रिक ट्रस्ट ही संस्था हत्तींची अनाथ पिल्लं सांभाळते, ती पाहायचं बुकिंग. सकाळी ११ ते १२ एवढा एकच तास ते लोकांसाठी खुलं असतं, आणि आधी नाव नोंदवल्याशिवाय आत घेत नाहीत. पिल्लं धावत येतात, दुधाच्या मोठाल्या बाटल्या गटागटा संपवतात, चिखलात लोळतात, आणि सांभाळणारी माणसं एकेकाची कहाणी सांगतात. तिथून जिराफ सेंटर जवळच आहे. बाकी शहरात रात्री पायी फिरू नका, रस्त्यावर उभं राहून फोन पाहू नका, टॅक्सी अ‍ॅपवरून मागवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे ऑनलाइन घ्यायची प्रवास-परवानगी, सुरू केलं. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर करा. तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइट्स दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते. केनियातून भारतात परतताना ते प्रमाणपत्र पाहतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी महिनाभर आधी बोला. विम्यात वैद्यकीय कारणासाठी विमानाने हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे पॉलिसीत स्वतः वाचा. आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स या रुग्णांना विमानाने हलवणाऱ्या सेवेचं पर्यटकांसाठीचं सभासदत्वही मिळतं. प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर तिथे २०१७ पासून बंदी आहे, सामानात एकही नको. ड्रोन घरीच ठेवा. कपडे मातकट रंगाचे, आणि एक जाड जॅकेट नक्की घ्या. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, उघड्या छताच्या गाडीत पहाटे सहाला दात वाजतात.

बायकांनी विचारायला संकोचावं असा एक प्रश्न न विचारताच सांगते. सफारीच्या पाच-सहा तासांत स्वच्छतागृह क्वचितच मिळतं. गाईडला मोकळेपणी सांगायचं. तो आजूबाजूला नीट पाहून जागा निवडतो, गाडी आडवी लावतो आणि पाठ फिरवून उभा राहतो. त्याच्या रोजच्या कामाचाच तो भाग आहे. कागद गोळा करून परत आणायला एक कापडी पिशवी ठेवा. मुलीलाही आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती दिवसभर पाणी पिणं टाळणार नाही.

राहिली तुमची भीती. टूर कंपनीच्या बसमध्ये तुमच्यासाठी जे कुणीतरी करत होतं, त्यातलं निम्मं इथे ती नैरोबीची कंपनी आणि गाईड करणारच आहेत. विमानतळावर घ्यायला माणूस येईल, मुक्काम ठरलेले असतील, गाडी दारात असेल. तुमच्यावर उरतं ते निवडणं, आणि ते तुम्ही निघण्याआधी, घरी बसून, तिघांनी मिळून करू शकता. प्रवासात एकच जास्तीची खबरदारी घ्या: कंपनीच्या कार्यालयाचा नंबर, गाईडचा नंबर, लॉजची नावं आणि विम्याचा नंबर एका कागदावर लिहून तिघांच्याही खिशात ठेवा. मारात फोनला सगळीकडे रेंज नसते.

याच आठवड्यात महिना पक्का करा, पासपोर्टांची मुदत पाहा आणि कंपन्यांना मेल पाठवा. विमानाची तिकिटं कोटेशन हातात आल्यावरच काढा, कारण मारातल्या चांगल्या जागा आधी भरतात आणि तारखा एक-दोन दिवस पुढे-मागे कराव्या लागतात. कोटेशनं आली की त्यातली नावं आणि खाते क्रमांक झाकून ती माझ्याकडे पाठवा. कुठे काय विचारायचं राहिलं आहे, ते मी त्यावरच खुणा करून कळवते.